‘ब्रदरच व्हायचंय’: दहावीतल्या एका मुलाच्या पाचारणाचं प्रकरण

मुलगा दहावीतला, एकुलता एक, अभ्यासात वर्गातल्या पहिल्या पाचांत. वसई पट्ट्यातल्या, केळीची वाडी असलेल्या कॅथलिक कुटुंबातला. ऑगस्टमधल्या पाचारण सप्ताहात (पाचारण म्हणजे धर्मसेवेला आयुष्य द्यायची देवाची हाक) वाटलेल्या चिठ्ठीवर त्यानं लिहून दिलं की त्याला धर्मबंधू, म्हणजे व्रतं घेतलेला पण धर्मगुरू नसलेला ब्रदर व्हायचं आहे. त्या एका ओळीवरून पुढे घरात अबोला झाला, आजी आजारी पडली, धर्मग्रामाच्या (एका चर्चला जोडलेल्या वस्तीच्या) फादरांनी मुलाला बोलावून घेतलं आणि वडिलांनी शाळेतून त्याचा दाखला काढून न्यायची भाषा केली.

मी त्याचा वर्गशिक्षक, त्यामुळे या प्रकरणात पहिल्या दिवसापासून होतो. कुटुंबाला विचारून लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि शाळेचं नावही देत नाही. लिहायचं कारण एवढंच, की आपल्या शाळांतून पाचारणाबद्दल पुष्कळ बोललं जातं, पण एखादा मुलगा खरंच ‘हो’ म्हणाला की पुढे काय करायचं, याची तयारी कोणाचीच नसते. दुसरं म्हणजे, हा मुलगा फादर व्हायचं म्हणाला असता तर प्रकरण इतकं चिघळलं नसतं, असं माझं ठाम मत आहे.

शाळा आणि स्टोअररूम

शाळा मुलांची, मराठी माध्यमाची, अनुदानित आणि धर्मबंधूंच्या एका संस्थेनं चालवलेली. शाळेच्या मागेच ब्रदरांचं राहतं घर. तेव्हा तिथे तिघं राहत होते: मुख्याध्यापक, गणिताचे एक तरुण ब्रदर आणि सत्तरी ओलांडलेले एक निवृत्त ब्रदर. वर्गातली निम्म्याहून जास्त मुलं कॅथलिक नाहीत. आगरी, कोळी, वाडवळ, भंडारी, काही मुसलमान घरांतली आहेत. संविधानाच्या कलम २८ (३) प्रमाणे अनुदानित शाळेत कोणालाही संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला बसवता येत नाही, आणि मूल अल्पवयीन असेल तर संमती पालकांची लागते. म्हणून कॅथलिक मुलांचा धर्मशिक्षणाचा तास चालू असतो तेव्हा बाकीच्यांचा मूल्यशिक्षणाचा असतो. ही व्यवस्था आमच्याकडे कित्येक वर्षं कुरकुरीशिवाय चालली आहे.

या मुलाचं पाचारण धर्मशिक्षणाच्या तासाला उगवलेलं नाही. ते स्टोअररूममध्ये उगवलं. निवृत्त ब्रदरांकडे शाळेचं खेळाचं सामान होतं. फाटलेला चेंडू, मोडलेला बाक, तुटलेली कडी, सगळं त्यांच्याकडे जायचं. मुलगा व्हॉलीबॉलच्या संघात, त्यामुळे संध्याकाळी तिथे थांबायचा. एका शनिवारी दोघं व्हॉलीबॉलचं जाळं विणत बसलेले मी पाहिले. अर्नाळ्याच्या बाजूच्या एका कोळ्याच्या मुलानं घरून जाळं विणायची सुई आणून दिली होती. त्या मुलाला गाठ येत होती, ब्रदरांना येत नव्हती. नववीतला पोरगा सत्तरीच्या माणसाला गाठ शिकवतोय, माणूस चुकतोय, उसवतोय, पुन्हा बांधतोय. आमचा मुलगा दोरी ताणून धरून उभा. तासभर तेच चाललं होतं.

पुढे मी त्याला विचारलं, की तुला नेमकं काय आवडलं? तो म्हणाला, “सर, ब्रदरांना सगळी मुलं नावानं ठाऊक आहेत. नापास होऊन शाळा सोडून गेलेली पण.”

पाचारणावरची कितीतरी व्याख्यानं मी ऐकली आहेत. इतकं नेमकं उत्तर एकाही वक्त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

पत्र घरी आधी पोचलं

पाचारणासाठी प्रार्थनेचा जागतिक दिवस पोप सहावे पॉल यांनी १९६४ मध्ये सुरू केला. तो पुनरुत्थानकाळातल्या, म्हणजे ईस्टरच्या काळातल्या, चौथ्या रविवारी येतो, म्हणजे एप्रिल-मेमध्ये, आणि तेव्हा शाळा रिकाम्या असतात. म्हणून आमच्या शाळेत पाचारण सप्ताह ४ ऑगस्टला धरून होई. त्या दिवशी संत जॉन व्हियानी यांचा सण असतो आणि ते धर्मग्रामात काम करणाऱ्या धर्मगुरूंचे आश्रयदाते. त्यामुळे सप्ताहाचं सगळं वळण आपोआप गुरुपदाकडे जायचं. भित्तिपत्रकावर मिस्साचा (चर्चमधल्या मुख्य उपासनेचा) प्याला, भाषणं फादरांची, प्रार्थना नव्या धर्मगुरूंसाठी. शाळा ब्रदरांची असूनही ब्रदर त्या सप्ताहात कुठेच नसत!

त्या वर्षी धर्मगुरूंच्या एका संघाचे पाचारण-संयोजक बाहेरून आले होते. बोलणं छान, गिटार सोबत, मुलं खूश. शेवटी त्यांनी चिठ्ठ्या भरून घेतल्या आणि जाताना सोबत नेल्या. पंधरा दिवसांनी मुलाच्या घरी छापील पत्र आलं: ‘आपल्या मुलाने धर्मगुरू होण्याची इच्छा व्यक्त केली आहे, दिवाळीच्या सुट्टीतल्या शिबिराला पाठवावे.’ चिठ्ठीत त्यानं काय लिहिलं होतं ते कोणी नीट वाचलंच नव्हतं. मुलगा तोवर घरी एक शब्द बोलला नव्हता.

पत्र आजीच्या हातात पडलं. हा मुलगा तान्हा असताना न्यूमोनियानं अगदी जाता जाता वाचला होता आणि आजीनं तेव्हा नवस केला होता: वाचला तर देवाला देईन, पाद्री करीन. हे घरात कोणाला माहीत नव्हतं. पत्र वाचून ती रडली आणि संध्याकाळपर्यंत आळीत चार घरी सांगून आली. वडिलांना बातमी कळली ती भाजी घेऊन जाणाऱ्या टेम्पोवाल्याकडून.

रात्री मुलाला समोर बसवलं. तो म्हणाला, “पाद्री नाही. मला ब्रदर व्हायचंय.”

आजीचा आनंद आणि वडिलांचा संताप, दोघांना एकाच वाक्यानं धक्का बसला. वडिलांना मुलगा जायलाच नको होता. आजीला तो जायला हवा होता, पण वेदीपर्यंत. ‘मिस्सा म्हणणार नाही, पापनिवेदन ऐकणार नाही, मग लग्न तरी कशाला सोडायचं?’ हा तिचा प्रश्न. तो मला अजिबात अडाणी वाटत नाही. आपल्या गावांत नवदीक्षित धर्मगुरूची पहिली मिस्सा म्हणजे अख्ख्या धर्मग्रामाचा सोहळा असतो: बँड, मिरवणूक, मंडप, गावजेवण. आईला पहिला मान. ब्रदर व्रतं घेतो ती बहुधा दूरच्या एखाद्या मठघरात, थोडक्या माणसांसमोर. जे डोळ्यांनी दिसतं त्यालाच गाव मोल देतं, आणि ब्रदराचं देणं गावाला दिसत नाही.

फादरांचं म्हणणं

धर्मग्रामाच्या फादरांनी मुलाला बोलावलं आणि प्रेमानंच सांगितलं, “हुशार आहेस. ब्रदर कशाला? आपल्या धर्मप्रांताच्या सेमिनरीत ये.” (धर्मप्रांत म्हणजे एका बिशपांच्या देखरेखीखालचा भाग, आणि सेमिनरी म्हणजे धर्मगुरू घडवणारी शाळा.) यात त्यांना खलनायक ठरवणं सोपं आहे, पण ते खरं नाही. वसई धर्मप्रांत १९९८ मध्ये मुंबईपासून वेगळा झाला. पूर्वी घरात पाच-सहा मुलं असायची, आता एक-दोन, आणि धर्मग्राम चालवायला माणसं तर लागतातच. धर्मप्रांताचा फादर झाला तर मुलगा वसईतच राहील, आईवडिलांच्या हाकेच्या अंतरावर. ब्रदरांची संस्था त्याला कुठल्याही राज्यात पाठवील. फादरांना वाटत होतं की त्यांनी घराला सोयीचा मार्ग सुचवला.

मुख्याध्यापक ब्रदर मात्र दुखावले. ते मला एवढंच म्हणाले, “हुशार मुलानं ब्रदर होऊ नये, असं म्हटलं की आम्ही कोण, ते कळतं.” आयुष्यभर शिकवून झाल्यावर माणसाला हे ऐकावं लागावं, याचं मला फार वाईट वाटलं.

ब्रदराची वाट ही गुरुपदाची अलीकडची पायरी नव्हे. गरिबी, ब्रह्मचर्य आणि आज्ञाधारकता ही तीन व्रतं तो घेतो, समूहात राहतो, आणि गुरुदीक्षा घेत नाही कारण त्याचं काम वेगळं आहे. फ्रान्समधल्या रेंसचे संत जॉन बाप्टिस्ट द ला साल स्वतः धर्मगुरू होते. सतराव्या शतकाच्या शेवटी गरीब मुलांच्या शाळांसाठी त्यांनी बंधूंचा समाज उभा केला आणि त्यातल्या बंधूंनी धर्मगुरू व्हायचं नाही असं ठरवलं, म्हणजे त्यांचं सगळं लक्ष वर्गावर राहील. त्याच द ला साल यांना १९५० मध्ये शिक्षकांचे आश्रयदाते म्हणून घोषित केलं गेलं. व्हॅटिकननं ब्रदरांच्या ओळखीवर आणि कार्यावर २०१५ मध्ये स्वतंत्र दस्तऐवजच काढला. आमच्या शाळेत यातलं काहीही मुलांना कधी सांगितलं गेलं नव्हतं. रोज तीन ब्रदर डोळ्यांसमोर वावरत होते, म्हणून सांगायची गरज कोणाला वाटली नसावी.

आई बोलली

आई तोवर गप्प होती. ती रविवारी चर्चमध्ये लहान मुलांना धर्मशिक्षण देते. अबोल्याचा तिसरा आठवडा चालू असताना तिनं जेवताना सासूला विचारलं, “आई, गासच्या चर्चच्या सणाला तुम्ही दरवर्षी जाता. गोन्सालो गार्सिया कोण होते? पाद्री होते?”

नव्हते. वसईत जन्मलेले, वसईच्या किल्ल्यात जेझुइट या संघाच्या फादरांकडे शिकलेले संत गोन्सालो गार्सिया हे फ्रान्सिस्कन बंधू होते. तरुणपणी जेझुइटांबरोबर जपानला गेले, तिथली भाषा आत्मसात केली, धर्मशिक्षक म्हणून राबले, पण त्या संघात त्यांना प्रवेश मिळाला नाही. मग व्यापार केला. पुढे मनिलात फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून दाखल झाले आणि १५९३ मध्ये दुभाषे म्हणून पुन्हा जपानला गेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला आणखी पंचवीस जणांबरोबर क्रुसावर त्यांना मारलं गेलं. १८६२ मध्ये ते संत म्हणून घोषित झाले, भारतात जन्मलेले पहिले संत. मिस्सा त्यांनी एकही म्हटली नाही.

आजीला हे आयुष्यभर ऐकूनही ठाऊक नव्हतं, आणि त्यात तिचा दोष नाही. वसईत आपण त्यांच्या नावानं महाविद्यालय काढलं, चर्च बांधलं, सण केला. ते ब्रदर होते, एवढं मात्र ठळकपणे सांगायचं राहून गेलं.

आजी लगेच वळली असं नाही. नवस होताच. इथे फादरच कामी आले, आणि हे मला मुद्दाम लिहायचं आहे. आईनं त्यांना नवसाचं सांगितल्यावर ते स्वतः घरी आले. ख्रिस्तसभेच्या धर्मसंहितेचं कलम ११९३ त्यांनी आजीला सोप्या शब्दांत सांगितलं: नवस करणाऱ्यालाच नवस बांधतो, दुसऱ्याला नाही. तुम्ही नातवाच्या वतीनं पाद्रीपद कबूल करू शकत नाही. खाजगी नवस तितक्याच किंवा जास्त चांगल्या कामात बदलताही येतो. आजीनं विचार करून वाडीतला मोगरा दर रविवारी वेदीसाठी द्यायचं ठरवलं. त्याच भेटीत फादर मुलाला म्हणाले, “मी घाई केली. तुझं तू ठरव.” त्याच संहितेचं कलम २१९ सांगतं की जीवनाची वाट निवडताना कोणावरही कसलीही सक्ती होता कामा नये. कलम सगळ्यांना ठाऊक असतं. आपल्याच आग्रहाला लावून पाहणारा धर्मगुरू मात्र क्वचित भेटतो.

वडिलांचे प्रश्न

वडील भाविक आहेत. त्यांची चिंता जमिनीची होती. त्यांच्या वाडीच्या दोन बाजूंना इमारती उभ्या राहिल्या आहेत, विहिरीचं पाणी मचूळ होत चाललंय, दलाल महिन्याआड दारात. मुलगा गेला की वाडी विकायला लागणार, हे त्यांनी मनाशी पक्कं धरलं होतं. वसईत शेती राखणाऱ्या माणसाच्या दृष्टीनं हा प्रश्न पाचारणापेक्षा लहान नाही, आणि जो वक्ता याची टर उडवतो त्यानं पाचारणावर बोलू नये.

मुख्याध्यापकांनी त्यांना केबिनमध्ये न बसवता राहत्या घरी जेवायला बोलावलं, आईवडील दोघांनाही. मीही होतो. भात, डाळ, तळलेले बोंबील. जेवण झाल्यावर तिघा ब्रदरांनी आपापली ताटं धुतली. मग टेबलावर समूहाची हिशेबाची वही आली: कोणी किती बसभाडं घेतलं, चपला केव्हा घेतल्या, औषधाला किती गेले. वडिलांनी विचारलं, “पगार कोणाला जातो?” मुख्याध्यापकांचा सरकारी पगार येतो तो समूहाच्या खात्यात जातो. धर्मसंहितेप्रमाणे व्रतस्थ माणूस कष्टानं जे मिळवतो ते संस्थेचं. (अशा पगारावर टीडीएस कापायचा की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायालयानं कापायचाच असं ठरवलं. पगार संस्थेला दिला म्हणून कर चुकत नाही.) वारशानं येणारी जमीन मात्र आपोआप संस्थेकडे जात नाही. पहिल्या व्रतांआधी माणूस आपल्या मालमत्तेचा कारभार ज्याच्याकडे हवा त्याच्याकडे सोपवतो आणि कायमच्या व्रतांआधी देशाच्या कायद्यालाही चालेल असं मृत्युपत्र करतो. वाडी पुतण्याच्या ताब्यात ठेवता येईल, हे ऐकल्यावर वडील पहिल्यांदा नीट टेकून बसले.

पण त्यांची खरी भीती निराळीच होती, आणि ती निघता निघता दारात बाहेर पडली. “गेला आणि परत आला तर?”

आपल्याकडे सेमिनरीतून किंवा मठातून परत आलेल्या मुलाकडे लोक कसं पाहतात, हे कोणाला सांगायला नको. ‘काढला असेल’, ‘काहीतरी भानगड असेल’. लग्न जमवताना तो विषय निघतोच. मुलं केवळ या भीतीनं आत राहतात आणि पुढे चाळिशीत मोडून पडतात. वास्तविक सगळी रचनाच परत येता यावं म्हणून केलेली आहे. सतरा वर्षं पूर्ण झाल्याशिवाय नोव्हिशिएट, म्हणजे व्रतांआधीचा तयारीचा काळ, सुरूच करता येत नाही. तो किमान बारा महिन्यांचा. त्या काळात मुलगा केव्हाही उठून घरी येऊ शकतो. मग पहिली व्रतं घेतो तीही मुदतीची, साधारण तीन ते सहा वर्षांची. मुदत संपली की तो मोकळा. कायमची व्रतं एकवीस पूर्ण झाल्यावरच. एवढ्या वेळा दार उघडं ठेवणारी व्यवस्था आपण गावात एकदाच बंद होणाऱ्या दरवाजासारखी वागवतो.

यावर मुख्याध्यापकांनी जे केलं ते मी दुसऱ्या कुठल्या शाळेत पाहिलेलं नाही. त्यांच्याच संस्थेतून मुदतीच्या व्रतांनंतर बाहेर पडलेला एक गृहस्थ त्यांनी बोलावला. आता संसारी, दोन मुलांचा बाप, बँकेत नोकरीला. तो वडिलांशी आणि मुलाशी वेगवेगळा बोलला. काय बोलला ते मी विचारलं नाही. वडील दुसऱ्या दिवशी शाळेत आले आणि दाखल्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

काय ठरलं

बोर्डाच्या परीक्षेपर्यंत कोणीही काही विचारायचं नाही. अकरावी-बारावी घरून करायची. दहावीनंतर लगेच संस्थेच्या वसतिगृहात जायचा रस्ता होता, काही संस्था तसं घेतातही, पण पंधरा-सोळाव्या वर्षी घर सुटलं की मूल घराला नकार देऊन आलंय की कशाला तरी होकार देऊन, हे त्याचं त्यालाच कळत नाही. मुक्कामाचं शिबिर फक्त पालकांच्या लेखी संमतीनं. आणि महिन्यातून एकदा मुलाशी बोलणारा मार्गदर्शक ब्रदरांच्या संस्थेचा नसेल, धर्मप्रांताचाही नसेल. दोघांनाही हा मुलगा हवा होता, म्हणून दोघांनीही बाजूला व्हायचं. शहरातल्या एका वयस्क धर्मभगिनींनी ते काम घेतलं.

दोन वर्षांत मुलगा बदललाही. अकरावीत काही महिने त्यानं सगळं सोडून दिलं होतं, चर्चलाही जात नव्हता. भगिनींनी त्याला बोलावणं धाडलं नाही. वाट पाहिली. तो स्वतःच परत गेला. त्याचा कोळी मित्र, जाळं विणणारा, त्याला एकदा म्हणाला होता, “तू गेलास तर मला सांगून जा, पळून जाऊ नकोस.” मुलाच्या मनावर कशाचा परिणाम झाला हे मी ठरवू शकत नाही, पण हे वाक्य त्यानं मला दोनदा सांगितलं.

बारावी झाली, अठरा पूर्ण झाली, आणि त्या जूनमध्ये तो उमेदवार म्हणून ब्रदरांकडे गेला. पोचवायला वडील गेले होते. आजी अजूनही तो फादर व्हावा अशी प्रार्थना करते आणि तसं त्याला फोनवर सांगतेही. तो ऐकून घेतो. त्या वर्षी चिठ्ठी भरलेल्या आणखी दोघांपैकी एक आयटीआय करतोय, दुसरा हॉटेल मॅनेजमेंट. दोघं शाळेत येतात, निवृत्त ब्रदरांना भेटतात.

शाळेत पाचारण सप्ताह आता फेब्रुवारीत होतो. २ फेब्रुवारीला समर्पित जीवनाचा जागतिक दिवस असतो आणि ५ तारखेला गोन्सालो गार्सियांच्या हौतात्म्याचा दिवस. दहावीची मुलं तेव्हा सराव परीक्षेत गुंतलेली असतात, म्हणून सप्ताह आठवी-नववीसाठी. चिठ्ठ्या वाटायच्या नाहीत. बाहेरच्या संयोजकानं आधी पालकसभेत बोलायचं, मग मुलांशी. एक संध्याकाळ ब्रदरांच्या घरी, हिशेबाच्या वहीसकट, आणि ज्याला यायचं त्या कोणत्याही धर्माच्या मुलानं पालकांना सांगून यावं.

वाडीचा कागद अजून व्हायचा आहे. पुतण्या आत्ता निम्मी वाडी खंडानं कसतो, तोंडी बोलीवर. मुलानं पहिली व्रतं घ्यायच्या आधी कारभार कोणाच्या नावे सोपवायचा ते लिहून व्हायला हवं, आणि वडिलांना ते वसईतल्या वकिलासमोर, मुलगा हजर असताना करायचं आहे. नोव्हिशिएट सुरू होण्यापूर्वी त्याला घरी यायची सुट्टी मिळेल, तेव्हाची तारीख मुख्याध्यापकांनी मागून ठेवली आहे.